बाविसाव्या पानावरची फुली

मी एक जुने पुस्तक आहे. माझी पाने बत्तीस होती, आता एकोणतीस उरली आहेत. माझ्यात चौदा प्राणी आहेत: अकरा पोटाला पिशवी असणारे, दोन अंडी घालून दूध पाजणारे आणि एक रानकुत्रा. पाठीवर चिकटपट्टीचे चार तुकडे आहेत. कोआलाच्या नाकावर जॅमचा एक डाग आहे. आतल्या कार्डावर दोनशे सहा शिक्के आहेत, म्हणजे दोनशे सहा वेळा मला कुणीतरी घरी नेले.

मित्रांनो, मी छापले गेले तेव्हा माझ्या कागदाला ताज्या शाईचा वास होता. मर्रा क्रीक गावच्या शाळेत आले तेव्हा मला पारदर्शक कव्हर घातले गेले आणि खिडकीजवळच्या फळीवर जागा मिळाली. मुले सतरंजीवर बसून मला ऐकत. प्लॅटिपसच्या पानावर हसत, खारीसारख्या दिसणाऱ्या, हवेत तरंगणाऱ्या ग्लायडरच्या पानावर गप्प होत. पण सर्वांत जास्त उघडले जाई ते बाविसावे पान.

त्या पानावर वॉम्बॅट आहे, बिळात राहणारा, बुटका आणि जाडजूड. मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे खणताना माती आत जात नाही. खाली लिहिले आहे: रस्त्यावर मेलेली मादी दिसली तर मोठ्यांना गाडी थांबवायला सांगा. त्यांना पिशवीत हात घालून पाहू द्या. आई मेल्यावरही पिल्लू आत जिवंत असू शकते. पिशवी रिकामी असेल तर पाठीवर रंगाची फुली मारा, म्हणजे मागून येणाऱ्याला पुन्हा थांबायला नको.

आमच्या भागात ही फुली सगळ्यांना माहीत आहे. फुली दिसली की गाडी थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात चौथीच्या वर्गाला नव्या बाई आल्या, मिस कर्सलेक. त्यांनी मला वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. भिंतीवर मोठा कागद लागला. घरच्यांबरोबर मारलेल्या प्रत्येक फुलीला एक सोनेरी चांदणी. सर्वांत जास्त चांदण्या मिळवणाऱ्याने मर्लबाईंच्या पिल्लाचे नाव ठेवायचे. मर्ल हॅडो या म्हाताऱ्या बाई टेकडीपलीकडे राहून अनाथ पिल्ले वाढवत. पुरावा म्हणून मोबाइलवर फुलीचा फोटो आणायचा होता. पिशवीत हात घातल्याचा फोटो कुणी मागितला नाही.

टॅमसिन प्रुएट आणि अँगस डेलोरो यांच्यात चुरस लागली.

"तुझं काय बाई," अँगस म्हणायचा, "तुझा डॅड गाडी हाणतो अशी की अर्धे तोच मारत असेल."

"आणि तू कालच्या त्याच कांगारूवर दुसऱ्यांदा फुली मारलीस. मिसना सांगू?"

"सांग ना. चांदणी मिळाली की नाही मला?"

त्या आठवड्यात मी टॅमसिनकडे होते. सोमवारी सकाळी धुके होते आणि गवतावर बर्फाची कणी. मी गाडीत पुढच्या काचेपाशी पडले होते. मोरीजवळ रस्त्याच्या कडेला एक मादी वॉम्बॅट आडवी पडली होती.

"डॅड, थांब! थांब ना!"

"गोठ्यावर दुधाचा टँकर यायची वेळ झालीय, टॅम. दूध काय तुझी आजी भरणार?"

"मला एकच चांदणी कमी आहे."

डॅडने ब्रेक मारला. "उतर, फुली मार, ये. इंजिन चालूच ठेवतो."

"आधी पिशवी बघायची असते. मोठ्यांनी. पुस्तकात लिहिलंय."

"मग पुस्तकालाच उतरव. गोठलेलं धूड आहे ते, त्यात काय जिवंत असणार? मी हात घालत नाही हं. आत्ताच धुतलेत."

टॅमसिन उतरली. तिने नाक दाबले आणि तीन पावलांवरून गुलाबी रंग फवारला. फुली थोडी वाकडी आली. फोटो मात्र छान आला.

मी काचेतून पाहत होते. मादीच्या मागच्या पायांजवळची कातडी आतून ढकलल्यासारखी वर आली आणि पुन्हा खाली बसली. मित्रांनो, मला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. गाडी निघाली.

मंगळवारी आम्ही तिथूनच गेलो. फुली होती. आमच्या पुढची गाडी थांबली नाही, मागचीही नाही. शाळेत टॅमसिनला चांदणी मिळाली आणि अँगसने तिच्या डब्यात वाळू टाकली.

बुधवारी सकाळी मर्लबाई नाव ठेवण्याच्या कार्यक्रमाला आल्या. त्यांच्या हातात केक नव्हता. स्वेटरच्या आत, छातीशी, काहीतरी धरलेले होते.

"मोरीजवळची मादी," त्या म्हणाल्या. "एक कावळा पिशवीतून काहीतरी ओढत होता म्हणून थांबले. नाहीतर फुली बघून दोनदा पुढे गेलेय मी. दोनदा. कुणी तपासली होती ती?"

सगळ्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले आणि मग टॅमसिनकडे.

पिल्लू गुलाबी होते, केस नसलेले, डोळे मिटलेले. त्याच्या तोंडात आईचे आचळ तसेच होते. ओढून काढले तर तोंड फाटते, म्हणून मर्लबाईंनी ते मुळाशी कापून आणले होते. एका कानाच्या जागी कावळ्याची खूण होती.

"जनावरांचे डॉक्टर अडलेल्या गाईचं वासरू सोडवायला गेलेत, येतील तेव्हा येतील. आणि माझं घर लांब आहे, वाटेत गार पडेल ते," मर्लबाई म्हणाल्या. "आधी ऊब, मग दूध. अंग पस्तीस अंशांवर यायला पाहिजे. टेबल गार आहे, खाली काहीतरी द्या."

मिस कर्सलेकनी घाईत टॅमसिनच्या बाकावरून मलाच उचलून पुढे केले. माझ्यावर लोकरी टोपी ठेवली गेली, टोपीत पिल्लू आणि दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. ते फार हलके होते. श्वास घेताना त्याचे पूर्ण अंग हलत होते.

"आपण... आपण नाव ठेवू या का?" मिस हलक्या आवाजात म्हणाल्या. "टॅमसिन जिंकली आहे."

"फुली ठेव," अँगस म्हणाला.

दोघे-तिघे हसले. टॅमसिन टेबलाजवळ आली आणि तिने एक बोट टोपीत घातले.

"मर्लबाई, माझा हात गरम आहे. धरू का मी?"

"सोमवारी कुठे होता तो?" मर्लबाईंनी विचारले आणि तिचा हात बाजूला केला.

टॅमसिन परत जागेवर गेली नाही. तिथेच उभी राहिली, दोन्ही हात काखेत दाबून, शाळा सुटेपर्यंत. डॅड न्यायला आला आणि दारातून म्हणाला, "चल टॅम, दूध काढायची वेळ झालीय." ती हलली नाही. मग त्याने टेबलावर काय आहे ते पाहिले आणि आपली टोपी डोक्यावरून काढली.

मित्रांनो, मी आता फार उघडले जात नाही. म्हणून एवढेच सांगते. मला वाचले नाही तरी चालेल, माझी पाने फाटली तरी चालेल. पण फुली मारण्याआधी कुणा मोठ्या माणसाला हात घालायला लावा. घाण वाटली, उशीर झाला, चांदणी हुकली, तरी हात घालायला लावा. पिशवी मागच्या बाजूला उघडते.

मर्लबाईंनी त्या दिवशी चार वेळा पिल्लाचे तापमान घेतले. आल्यावर सत्तावीस अंश. मधल्या सुट्टीत सव्वीस. जेवणानंतर तेवीस. शाळा सुटल्यावर एकोणीस. भिंतीवरच्या तापमापकात वर्गाचे तापमान एकोणीस अंश होते.