फ्रिजमधला विटाळ

रियाधमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी सकाळी सात वाजता मुग्धाने आर्याला पाजून झोपवलं, पहाटे उठून काढलेल्या दुधाच्या दोन बाटल्यांवर तारीख लिहिली आणि फ्रिज उघडला.

"वरच्या कप्प्यात नको हं, नैवेद्याचं दही आहे तिथं," सासूबाई म्हणाल्या. त्या अळिवाची खीर ढवळत होत्या.

"खालीच ठेवतेय, आई. एक दहाला द्या, एक एकला."

"माहीत आहे गं. जा तू निर्धास्त."

विभावरीबाई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, पाच महिन्यांच्या नातीसाठी. सुनेला भरपूर दूध यावं म्हणून रोज खीर करून घालत, नातीला तेल लावून न्हाऊ घालत. बाई दुष्ट असती तर तिच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

मुग्धा एका बँकेत कामाला होती. तिला दूध काढण्यासाठी ऑफिसने आतून कडी लागणारी एक खोली दिली होती आणि कायद्याने मिळणारा तासही कुरकुर न करता दिला होता. जिथे राहायचं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा पुन्हा काढावा लागतो, त्या परक्या मुलुखात तिला या खोलीबद्दल कुणी वाकडा शब्द बोललं नाही. मोबाइलवर आर्याचा फोटो लावून ती पंप घेऊन बसे. पाठ भरून येई, तरी बाटली भरली की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे.

मात्र गेले सहा आठवडे, म्हणजे ती कामावर परतल्यापासून, आर्याचं पोट कडक होत होतं. कुंथून कुंथून पोर लाल व्हायची. "तुझ्याच खाण्यातलं काहीतरी बाधत असेल," सासूबाई म्हणत. मुग्धाने कोबी सोडला, छोले सोडले, शेवटी चहासुद्धा सोडला.

त्या दिवशी दुपारची मीटिंग रद्द झाली आणि ती बारालाच घरी आली. बाथरूमचं दार उघडं होतं. विभावरीबाई बेसिनवर वाकून बाटली पालथी करत होत्या. दुसरी बाटली शेजारी रिकामीच होती.

"आई! काय करताय?"

विभावरीबाई दचकल्या, पण लपवलं नाही. "अगं, यंत्रानं काढलेलं, तासन्‌तास फ्रिजात पडलेलं. शिळंच ना ते? आणि देवाचं दही ठेवतो तिथं अंगावरचं दूध... विटाळ होतो गं. म्हणून तर स्वयंपाकघरात ओतत नाही."

"मग आर्या काय पिते?"

त्यांनी तांदळाच्या पिंपामागून पावडरचा डबा काढून दाखवला.

"किती दिवस?"

"तू कामाला लागलीस तेव्हापासून."

मुग्धाने डबा हातात घेतला. विभावरीबाई लिफ्टने एकट्या खालीही उतरत नसत. दुकान कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. हा डबा घरात कुणी आणला, हे विचारायची गरजच उरली नाही, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचा नवरा जयदीप पाचला आला. टेबलावर डबा पाहून त्याने आधी बूट काढले, मग पाणी प्यायला.

"तुला त्रास नको म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "आईला या वयात काय समजावणार? ती इथं असेपर्यंतचाच तर प्रश्न. आणि डब्याचं काय विष असतं का?"

"नसतं. ज्या बाईला दूध येत नाही, ती डब्याचं देते, मुलं छान वाढतात. पण माझ्या छातीतून काढलेलं दूध मोरीत ओततात हे तुला माहीत होतं. मी चहा सोडला तेव्हा तू समोर बसून चहा पीत होतास, जयदीप!"

"एवढंच वाटतं तर नोकरी सोड. बस घरी पाजत."

"का? विटाळ तुमच्या डोक्यात आणि नोकरी मी सोडायची?"

विभावरीबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "देवाचं काही पाहायचंच नाही का गं घरात?"

"आई, माझं दूध देवाला चालत नसेल तर देवासाठी वेगळा फ्रिज घ्या. माझ्या मुलीचं दूध आता हलणार नाही. आणि उद्यापासून आर्या माझ्याबरोबर येईल. ऑफिसच्या खाली पाळणाघर आहे. तिथल्या बायका परक्या आहेत, पण मी दिलेलं दूध तिला पाजतील."

"मग मी इथं आले कशाला?"

"ते तुमच्या मुलाला विचारा."

आर्या उठून रडू लागली. मुग्धाने त्या दिवशी ऑफिसात काढून आणलेली बाटली कोमट करून जयदीपसमोर धरली. "पाज तिला." जयदीपने हात पुढे केला, मग आईकडे पाहिलं, आणि हात तसाच राहिला. मुग्धाने फार वाट पाहिली नाही. आर्याला मांडीवर घेऊन तिने स्वतःच पाजलं.

तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, एवढ्याशा दुधावरून सोन्यासारखं घर मोडायला निघाली! तिला बोल लावण्याआधी एवढं सांगा, सुनेला खीर खाऊ घालायची आणि तिचं दूध मोरीत ओतायचं, या घराला तुम्ही सोन्यासारखं म्हणता कोणत्या तोंडाने? सावकाश विचार करा. सोमवारी सकाळी सातला मुग्धा आर्याला घेऊन कामावर निघून गेली आहे.