गिऱ्हाईक म्हणून मोजलेली रिंग

मी एक जुना बिनतारी टेलिफोन आहे. बिनतारी म्हटलं की तुम्हांला खिशातला मोबाइल आठवेल, पण मित्रांनो, तो मी नव्हे. मी टेबलावर ठाण मांडून बसणारा, राखाडी अंगाचा, जाडजूड आणि डोक्यावर काळी अँटेना मिरवणारा. ज्या पाड्यांपर्यंत टेलिफोनचे खांब पोचले नाहीत तिथे जाऊन वाजायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं. आज मी कपाटावर एका सुपाशेजारी पडून आहे आणि माझ्या बॅटरीच्या खणात मुंग्यांनी संसार थाटलाय. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नुसता उजेड, मग अंधारं खोकं आणि नाकातोंडाशी थर्माकोल. खोकं उघडलं ते थेट डोळखांबजवळच्या एका माळावर. उघडणाऱ्याचं नाव भगीरथशेठ. त्यांचं मुरबाडला मंडपाच्या सामानाचं दुकान होतं. लग्नसराई संपली की कनाती आणि तंबू गोदामात नुसते पडून राहायचे. मग शेठच्या डोक्यात आलं, हेच तंबू रानात ठोकावेत आणि शहरातल्या लोकांना दोन दिवस राहायला बोलवावं. कल्पना वाईट नव्हती, पण ती शहरातल्या लोकांना कळायला हवी होती ना!

मला मोठ्या मानाने ऑफिसच्या टेबलावर मांडलं, तर तिथे रेंज शून्य. शेठ मला कडेवर घेऊन सगळा माळ हिंडले. शेवटी रेंज सापडली ती स्वयंपाकाच्या खोपीत, चुलीसमोरच्या खिडकीत! झालं, तीच माझी गादी. आणि जी पोरगी तिथे नाचणीच्या भाकऱ्या थापायची, ती वर्षा, आपोआप माझी सांभाळणारी झाली. ती जवळच्याच वाडीतली, दहावीपर्यंत शिकलेली. पिठाच्या हाताने मला कधी उचलायची नाही. आधी हात पुसणार, मग पदर सावरणार, मग घसा साफ करून "नमस्कार" म्हणणार. तोवर समोरचा माणूस कंटाळून जायचा, पण तिचं ते अदबीनं बोलणं मला फार आवडायचं.

दोन हजार आठ साली शेठच्या पुतणीने, दिपालीने, तंबूंची वेबसाइट केली. ती कल्याणला कंप्यूटर शिकली होती. रस्त्यावरच्या बोर्डावर एक नंबर, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दुसरा आणि वेबसाइटवर तिसराच. "असं कशाला गो?" शेठ म्हणाले. "काका, कुठली जाहिरात चालते ते कळायला नको का?" दिपालीने समजावलं. वेबसाइटवर किती जण आले हे मोजणारा एक प्रोग्राम असतो, त्याला तिने फोन मोजणारा ॲड-ऑन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, बसवला होता. वेबसाइटवरचा नंबर होता मोजणाऱ्या कंपनीचा. त्यावर फोन आला की आधी त्याची नोंद व्हायची, मग तो माझ्याकडे वळवला जायचा. आणि कंप्यूटरवर एक रेघ वर चढायची.

गंमत म्हणजे माळावरच्या ऑफिसातल्या कंप्यूटरला इंटरनेटही माझ्यातूनच, एका केबलने, मिळायचं. एक चित्र उघडायला तासभर लागायचा आणि तेवढा वेळ माझी घंटा बंद. असा मी एकटा दोन-दोन नोकऱ्या करत होतो. दिपालीने तो वेबसाइटचा नंबर ठळक लिहून माझ्या अंगावर चिकटवला. वर्षाला वाटलं, हाच आपल्या फोनचा नंबर. कुणालाही तेच वाटलं असतं.

दिवाळी झाली आणि वर्षाच्या वाडीतली माणसं दरवर्षीप्रमाणे वीटभट्ट्यांवर निघाली. तिची थोरली बहीण यमू आणि मेहुणा संदीप पडघ्याकडच्या भट्टीवर चालले होते. यमूला दिवस गेलेले. पहिलं पोर तिचं भट्टीवरच जन्मलं आणि भट्टीवरच गेलं होतं. म्हणून या खेपेस बाळंतपणाला आईकडे यायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. निघण्याआधी ती खिडकीशी आली. वर्षाने माझ्या अंगावरचा नंबर तिच्या तळहातावर पेनाने लिहून दिला आणि म्हणाली, "भट्टीजवळ कॉइन बॉक्स आसल. एक रिंग देऊन ठेवायचा, मंजे बरं हाय. रुपया परत भायेर येतो. दोन रिंगा दिल्यास तं मी न्यायला येन."

"नि तू उचललास तं?" यमूने विचारलं.

"नाय गो उचलत. उचलला का रुपया गेला."

मिस्ड कॉल म्हणतात तो हाच, मित्रांनो. फुकटात खुशाली कळवायची ही युक्ती त्या काळी घरोघरी होती. वर्षाच्या बहिणीला जमलं म्हटल्यावर वाडीतल्या बाकीच्यांनीही तोच नंबर हातावर लिहून नेला. मग काय! सकाळी वाज, दुपारी वाज, चहाच्या वेळी वाज. माझ्या कपाळावरच्या पट्टीत नंबर उमटायचा आणि वर्षा शेवटचे आकडे पाहून ओळखायची, ही कसाऱ्याकडची भट्टी, ही आमची यमू. भाकरी थापता थापता हसायची. घरी जाताना वाटेत प्रत्येक दारात सांगत जायची, "तुमचा बरा हाय." एवढ्या दारांत माझ्यामुळे निर्धास्त झोप लागत होती. याहून जास्त सुख मला कधीच मिळालं नाही.

पण तिकडे कंप्यूटरवरची रेघ पतंगासारखी वर चालली होती. भगीरथशेठ नुसते हरखून गेले. "वर्षा, फोन येतात ना गो?"

"येतात शेठ. लय येतात!" वर्षाने मनापासून सांगितलं. शेठ रोज देवाचं एक फूल माझ्या अँटेनात खोचू लागले. इंटरनेटवरची जाहिरात त्यांनी दुप्पट केली, गोदामातले उरलेसुरले तंबू आणून ठोकले, गाद्या भरून घेतल्या. शनिवार आला. शेठ इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी उभे राहिले. संध्याकाळपर्यंत फाटकातून आत आली ती फक्त शेजारच्यांची एक म्हैस.

दिपालीने मुरबाडला बसून नोंदी नीट तपासल्या. सगळे फोन एका रिंगचे, एकही उचललेला नाही आणि सगळे कॉइन बॉक्सवरून. "काका, कुणीतरी टवाळखोर लोक आपली चेष्टा करतायत," ती म्हणाली. शेठचा चेहरा उतरला. ॲड-ऑनमध्ये नको ते नंबर रोखायची सोय होती. दिपालीने ते सगळे नंबर रोखून टाकले. वर्षाला विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. भाकऱ्या करणाऱ्या पोरीला जाहिरातीतलं काय विचारायचं!

आणि मी गप्प झालो. पहिल्या दिवशी वर्षाला काही वाटलं नाही. मग ती माझा रिसीव्हर उचलून कानाला लावून बघू लागली. रिसीव्हरमधला घूं घूं आवाज तर चालू होता. तिने मला पुसलं, अँटेना फिरवली, खिडकीत पुढे सरकवलं. तिच्या भाकऱ्या करपू लागल्या. वाडीतल्या बाया कामं टाकून खिडकीशी यायच्या आणि नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. माझ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं, तर मी वाजणार कुठून? घंटा असून मुकं बसणं फार वाईट असतं, मित्रांनो.

पुढच्या रविवारी दिपाली आली. वर्षाने भीत भीत विचारलं, "ताई, फोन बिघाडलाय काय? यमूचे दिवस भरत आलेत. तिची रिंगच नाय."

"कुठली रिंग?" दिपालीने विचारलं. मग वर्षाने सगळं सांगितलं, एक रिंग म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय. ऐकता ऐकता दिपालीला रोखलेले नंबर आठवले. "अगं, ते फोन मीच बंद केले. मला वाटलं, कुणीतरी उगाच..."

"ताई, ती टवाळखोर नवती. ती आमची मानसं होती."

दिपाली पळतच कंप्यूटरपाशी गेली. इंटरनेट माझ्यातूनच लावायचं होतं. इतकं हळू काम मी जन्मात केलं नसेल. वर्षा माझ्यापाशी उभी राहून पदराचं टोक चावत होती. शेठ दारात येऊन थांबले होते. अखेर नंबर मोकळे झाले. दिपालीने केबल उपसली आणि आम्ही सगळे वाट पाहू लागलो.

मी वाजलो. एकदा. दोनदा. आणि थांबलोच नाही, वाजतच राहिलो. वर्षाने पिठाच्या हातानेच मला उचललं.

"वर्षा!" पलीकडे संदीप ओरडत होता. "कालधरनं लावतोय गो! येक बाई इंग्रजीत बोलं नि फोन कापं. यमूला कळा लागल्यात, मालक सोडं नाय, गाडी नाय..."

शेठनी रिसीव्हर काढून घेतला. "कुठली भट्टी? तिथंच थांबा. मी निघालोच." आणि तंबूचे बांबू वाहणारी ती जीप, गाद्या आत तशाच ठेवून, धुरळा उडवत निघाली. वर्षा पुढच्या सीटवर होती.

यमूला मुलगी झाली. शहापूरच्या दवाखान्यात, वेळेवर आणि सुखरूप. पुढचं मी वर्षाच्या तोंडून ऐकलं. शेठ चहा घेऊन आत गेले, तेव्हा यमूने त्यांच्याकडे बघून हळूच विचारलं, "शेठ, आमी रोज वाजवीत होतो. तुमाला आयकू येत नवता का?" शेठनी कप खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

परतल्यावर दिपालीने विचारलं, "काका, आता यांची वेगळी नोंद ठेवू? म्हणजे गिऱ्हाइकांत मिसळणार नाहीत."

"गिऱ्हाइकांना दुसरा फोन आण," शेठ म्हणाले. "हा मोजणीतून काढ. हा वाडीचा."

वर्षाने माझा खरा नंबर सगळ्या वाडीला कळवला. मोजणी गेली, तसं अँटेनातलं फूलही गेलं. नवा फोन आला, त्याचं कौतुक झालं. माझा आकडा कुठल्याच कागदावर उरला नाही. पण पुढची कितीतरी वर्षं दिवाळी झाली की मी वाजायचो, आणि बाया चुलीवरचं सोडून धावायच्या. मग एकेकाच्या हातात मोबाइल आले आणि माझं काम संपलं.

मित्रांनो, मला खाली उतरवून पुसलं नाही तरी चालेल. मुंग्याही राहू द्या. मोजायचं ते खुशाल मोजा, त्यावाचून धंदा चालत नाही. पण एखादी हाक नकोशी म्हणून बंद करण्याआधी, ती कुणाची आहे एवढं शेजारच्या माणसाला विचारा. त्या रविवारी दिपाली आली नसती, तर पडघ्याच्या टपरीवर संदीप नंबर फिरवतच राहिला असता, आणि मी इथे चांगला धडधाकट, चुलीसमोर, गप्प बसलो असतो.