पोटावरची ऊब

“दाढ काढल्यावर इतका वेळ रक्त वाहत नाही. एकदा तपासून घ्या,” असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या घरच्या आईने ते हसण्यावारी नेलं. “त्यांनीच धसमुसळेपणा केला, आणि वर मलाच तपासण्या!” असं ती फोनवर थोरल्या बहिणीला, ताईला, सांगत होती, तेव्हा मी तिच्या कमरेखाली होते.

मित्रांनो, मी गरम पाण्याची रबरी पिशवी. साच्यातून निघाल्यावर मला हवा भरून पाण्यात बुडवलं गेलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून पास झाले. आधी ताईने, मग या धाकटीने मला पाळीच्या दिवसांत पोटाशी धरलं. “ही होती म्हणून निभावलं,” असं दोघी म्हणायच्या. पुढे विजेवर तापणारा पट्टा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

आईच्या लेकीला, बबडीला, पहिली पाळी आली आणि ती थांबेचना. पोर पांढरीफटक पडली. दवाखान्यात विजेचा पट्टा चालत नव्हता, म्हणून मला खाली काढलं.

तिथे रक्त गोठण्याच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला जास्त रक्त जातं?”

“छे, कुणालाच नाही!”

“तुमची पाळी कशी असते?”

“नेहमीसारखीच. तासाला पॅड बदलायचं, झोपताना खाली जुना टॉवेल. ताईचंही तेच.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. आईचा चेहरा उतरला. “म्हणजे... बाकीच्यांचं कसं असतं?”

मायलेकींचं रक्त तपासलं. ते गोठायला लागणारं एक प्रथिन दोघींत कमी निघालं. अशा बायका-मुलींना गोळ्या जास्त लागू पडतात की इंजेक्शन, याचा अभ्यास तिथे चालू होता. सगळं नीट विचारून घेऊन दोघी त्यात सामील झाल्या. बबडीचं रक्त आटोक्यात आलं. पण आईच्या जिवाला चैन नव्हतं. सोमवारी पाळीच्या त्रासापायी ताईचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन होतं.

“तू ना, उगाच जीव टांगणीला लावतेस. मला काय धाड भरलीय?” ताई फोनवर म्हणाली.

“माझ्यावर चीड हवं तर. पण रक्त तपासल्याशिवाय टेबलावर चढायचं नाही!”

ताई कुरकुरत गेली. तिच्यातही तेच निघालं. ऑपरेशन पुढे ढकललं. आता औषधानेच भागतंय का, ते डॉक्टर बघताहेत.

मित्रांनो, माझ्या मानेला चीर गेलीय. नवी पिशवी घेतलीत, तर पाणी उकळतं भरू नका आणि काम झाल्यावर ती उलटी टांगून वाळवा. पण आम्ही फक्त ऊब देतो, रक्त थांबवणं आमच्या हातात नाही. दर महिन्याला पिशवी पोटाशी धरून गुपचूप पडणारं तुमच्या घरात कुणी असेल. जरा आतल्या खोलीत जाऊन तिला विचारून येता?