शेवंताच्या बाजेवरचा टीन

मी बोलून राहिलो. इकडे तिकडे काय पाहता, खाली पाहा. गंजलेला टीनाचा पत्रा पडला आहे ना गवतात, तोच मी. आता चपटा आहो, पन जन्मानं गोल. डांबराचा ड्रम.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तवाची गोष्ट. सेक्टरचे रस्ते बनत होते अन् मी पोटभर डांबर घेऊन आलो. लोकाईनं मले तापवलं, आडवं केलं, डांबर काढलं अन् दिलं फेकून. पोटात एक थर राहूनच गेला. एक दिवस एक ओव्हरसियरसाहेब माह्यावर बसून डबा खात होते. उठले तं पँटचं बूड माह्यापाशीच राहालं. साहेब फायलीनं मागचं झाकत गेले. मले त्या दिवशी लय बरं वाटलं.

मंग उन्हाळ्यात मजुराच्या झोपड्याले आग लागली. तट्ट्याच्या झोपड्या, वरून गवत, अन् वारं सुटलेलं. त्यातल्याच एका झोपडीतली शेवंता नळावर पानी भराले गेली होती. तिची पोरगी रुक्मा अंदर झोपली होती. इतकंच. ह्याच्या पुढचं तिथं कोनी बोलत नाई. मीबी नाई बोलत.

शेवंताचा नवरा चंपत. कारखान्यात वजनी मशिनी उचलाचं काम करे. नागपूरकडची मानसं. शेवंताले तवा आठवा महिना होता. आगीनंतर तिनं तोंडच उघडलं नाई. जेव म्हटलं का जेवे, ऊठ म्हटलं का उठे. कोनाची चूल पेटली का तोंड फिरवून घे. रडे नाई, काही नाई. आम्ही ड्रम लोक तिच्यापेक्षा जास्त आवाज करतो.

पावसाचं पानी पडाच्या आत छप्पर पाहिजे होतं, नाई तं बाळंतपन उघड्यावर. चंपत अन् त्याचा मोठा भाऊ जानराव, दोघं सामान हुडकत फिरले. रशियाहून मशिनी ज्या खोक्यात आल्या, त्याच्या फळ्या भेटल्या. त्याच्या भिंती झाल्या. खोक्याचं झाकन म्हनजे दार. खोक्याले गुंडाळलेली लोखंडी पट्टी बांधाले कामी आली. अन् छपरासाठी मी अन् माह्ये भाऊबंद.

ड्रमचा टीन कसा होते, सांगतो. छिन्नीनं दोन्ही तोंडं कापा, पोट उभं चिरा, रस्त्यावर अंथरा अन् वरून रोडरोलर चालवा. रोलरवाला भय्याजी मोठा नखरेबाज.

"ऐ चंपत, ये रोलर है, तेरी भौजाई का बेलन नहीं!"

जानराव म्हने, "भय्याजी, तिचं बेलन असतं तं तुमाले कावून विचारलं असतं? अन् बेलन मागाले गेलो असतो तं पहिले माह्याच डोक्यावर बसलं असतं."

भय्याजी हासला. तंबाखू तोंडात टाकली अन् रोलर घातला माह्या छातीवर. दुखलं का? आठवत नाई. चपटं झाल्यावर दुखाले जागाच राहत नाई.

शेवटचं काम राहते, टीन जाळावर धरून आतलं डांबर जाळून टाकाचं. चंपतनं काड्या रचल्या, माचिस काढली. बाजूले दगडावर शेवंता बसली होती. त्यानं माचिस परत खिशात टाकली.

"जाळत नाई का बे?" जानरावनं विचारलं.

"राहू दे दादा. ती बसली आहे."

जानरावनं डांबराचा थर बोटानं दाबून पाहाला. "बरं. डांबर राहालं तं खिळ्याची भोकं बुजतीन. पानी गळनार नाई."

दोघाईले पटलं. तिले कोनी विचारलं नाई. वर ठेवलं तं उन्हानं वाहून जाईन, म्हनून डांबराचं अंग खाली करून मले ठोकलं. बरोबर शेवंताच्या बाजेवर.

पानी आलं. धो धो आलं. पन एक थेंब अंदर गळला नाई. जानराव साऱ्या वस्तीले आनून आनून मले दाखवे. माह्यी तं कॉलरच टाइट.

अन् अशा झडीतच शेवंता बाळंत झाली. पोरगी झाली, पन गार पडलेली. ओठ निळे, दूध ओढेना. चंपतची माय गिरजाबाई, तिनं शेगडी पेटवली अन् बाजेखाली सरकवली. बाळंतिनीले शेक तं पाहिजेच, पोरीलेबी पाहिजे. शेवंतानं भिंतीकडे तोंड केलं.

छप्पर बुटकं, गर्मी सारी वर आली. माह्या पोटातलं डांबर नरम पडलं. मी लय आवरून धरलं. पन डांबर कोनाचं ऐकते? एक थेंब गिरजाबाईच्या लुगड्यावर पडला. दुसरा गोधडीवर, पोरीच्या कानापाशी.

"अरे चंपत! तापलेलं डांबर पडून राहिलं बे पोरीवर!"

"शेगडी बाहेर काढ माय!"

"काढीन न! अन् पोरगी गेली मंग? हात लावून पाह्य तिले, माठावानी गार आहे."

बाज सरकवाले जागा नव्हती. दार उघडलं का बाजेचा खुरा बाहेर, एवढी ती खोली.

"टीन काढा."

गिरजाबाईनं दाराकडे पाहालं, बाहेरून कोनी बाई आली का म्हनून. शेवंता बोलली होती. पोरीवर आडवी झाली होती, पाठ वर करून.

"शेगडी राहू द्या. टीन काढा अन् जाळा."

"तुह्यासमोर?" चंपत म्हने.

"मंग काय नागपूरले नेऊन जाळता?"

चंपत अन् जानरावनं मले उचकटलं. भोकावर पोते अन् खोक्याचं झाकन टाकलं. झड जरा थांबली होती. दारासमोरच जाळ केला अन् मले त्याच्यावर धरलं. काळा धूर निंघाला, मोठा जाळ झाला. दार तं छपरावर गेलेलं, अंदरून सारं दिसत होतं. शेवंता पाहात होती. पोरीचे तळवे चोळत होती अन् पाहात होती. डोळे कोरडे. तिनं तोंड फिरवलं नाई.

मले कोरडा करून परत ठोकलं. संध्याकाळपावतर गिरजाबाईनं दहादा पोरीचे पाय चाचपले. मंग म्हने, "आली गर्मी." पोरगी दूध ओढाले लागली. कोनी पेढे वाटले नाई. जानराव बाहेर जाऊन बिडी ओढत बसला.

पोरीचं नाव ललिता. मोठी झाल्यावर माह्यावर गोटे मारे. शेवंता कामापुरती बोले. रुक्माचं नाव तिनं माह्याखाली कधी काढलं नाई.

मंग त्याईले क्वार्टर भेटलं अन् ते गेले. फळ्या लोकाईनं चुलीत घातल्या. मी इथं जुनवानी गावाच्या वाटेवर पडलो आहो. पावसात बकऱ्या माह्यावर उभ्या राहतात. मले काही वाटत नाई.

कोनाचं घर जळलं असन तं न्या मले. अजून टिकन मी. पन घरात कोनी बाई गप बसली असन, तं तिच्यासाठी परस्पर ठरवू नका. तिले विचारा. बोलत नसन, तरीबी विचारा.