माळ्यावरचा नवा टायर

अप्पांना वस्तू वापरण्यापेक्षा ठेवण्याची हौस भारी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, आमचे हे भांडारच घेऊन आले, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माळ्यावर नळाच्या तोट्या, कुलपं, कड्याकोयंडे, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणि प्रत्येक पुडक्यावर ठसठशीत अक्षरात खरेदीची तारीख. घरात काही मोडलं की अप्पा शिडी लावत. पुडकं घेऊन उतरताना त्यांच्या तोंडावर जे तेज दिसे ते लग्नाच्या दिवशीही नव्हतं, हेही बायकोचंच म्हणणं.

या खजिन्यात स्कूटरचा एक टायर होता. स्वतःच्या जुन्या स्कूटरसाठी दोन घेतले होते, एक वापरला, एक राहिला. पुढे ती स्कूटर गेली आणि धाकट्या लेकीची आली. मापही नेमकं तेच निघालं. अप्पा मनातल्या मनात वाटच बघत होते म्हणा ना.

धाकटी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी सहाला स्कूटर काढायची ती दहापर्यंत शहराची दोन्ही टोकं गाठून यायची. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिचीच वाट बघत. पोरीच्या हाताची सुई कळतच नाही, असं म्हणत. तिची स्कूटर नीट ठेवायचं काम अप्पांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. दर रविवारी, गाडी हलायच्या आत, टायर गार असतानाच हवा मोजायची. पुढे कमी, मागे जास्त. मग पाटावर बसून खाचांत अडकलेले खडे एकेक करून टोकरून काढायचे. या बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती.

पुढचा टायर झिजला तेव्हा नाक्यावरच्या टायरवाल्यानं सांगितलं, "अप्पा, गोटा झालाय. आता बदला."

"नवा आहे घरी."

"घरी? किती दिवसांपासून? आणा बघू आधी इकडे."

एवढ्यावर अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. याला आपला माल खपवायचाय, दुसरं काय! ते तडक पलीकडच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्यानं काही न विचारता टायर चढवून दिला. संध्याकाळी अप्पांनी लेकीला हाताला धरून खाली नेलं. "बघ, नक्षी किती खोल आहे! नऊ वर्षं ठेवला, पण एक ओरखडा नाही." तिनंही कौतुकानं बघितलं.

चौथ्या आठवड्यात ती पडली. बागेजवळच्या वळणावर झाडांना घालायच्या पाइपचं पाणी रस्त्यावर आलं होतं. पुढचं चाक सरकलं आणि ती खांद्यावर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

फोन आला तेव्हा अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वॉर्डात लेक शुद्धीवर आणि बोलती दिसली, आणि त्या भीतीचा एकदम संताप झाला. आजूबाजूच्या खाटांवरचे रुग्ण बघत असताना ते कडाडले, "वळणावर पुढचा ब्रेक दाबतात का? किती वेळा सांगितलं! टायर नवा, हवा बरोबर, रस्ता रोजचा. मग चूक कुणाची?"

ब्रेक दाबला होता की नाही हे तिला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "माझीच असेल."

हाड दोन महिन्यांत जुळलं. पण धाकटीनं लॅबमध्ये आतलं काम मागून घेतलं. दिवसभर बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला नाही जमत गाडी. माझे हातच भरवशाचे नाहीत." असं म्हणणारी ही पोर सोळाव्या वर्षापासून स्कूटर चालवत होती. तीन महिने झाले तशी म्हणाली, विकून टाका.

गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं. कुणी बोट ठेवायला नको म्हणून अप्पा सकाळीच गाडी घेऊन नाक्यावर गेले. टायरवाल्यानं हवा बघितली, मग पुढच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. पुन्हा दाबलं.

"हाच का तो घरचा?"

"हाच. का?"

"नक्षी खोल आहे, पण रबर मेलंय अप्पा. नख रुतत नाही बघा. कोरड्या रस्त्यावर चालून जातो, पाण्यावर साबणासारखा सटकतो." त्यानं कडेवरची धूळ बोटानं पुसली. "हे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. अकरा वर्षांचा आहे हा. तुम्ही घेतलात तेव्हाच दोन वर्षं दुकानात पडून होता. वापरला नाही तरी रबर म्हातारं होतंच की."

अप्पा तिथल्याच स्टुलावर बसले. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. भांडारात न वापरलेले रबरी हातमोजे मुदत संपली की खोकीच्या खोकी त्यांनी स्वतः बाहेर काढली होती. पुरवठादारांशी त्यावरून तावातावानं भांडले होते. एकतीस वर्षं परक्या माणसांसाठी जे डोळ्यांत तेल घालून पाहिलं, ते आपल्या लेकीच्या वेळी सुचलं नाही. पुडक्यावर तारीख होती, आपल्याच अक्षरात होती, आणि ती वाचून आपण शेखी मिरवली!

टायरवाल्यानं नवा टायर चढवला. "जुना टाकून देऊ ना?"

टाकला असता तर कुणालाच कधी कळलं नसतं. लेकीनं तर चूक आपली म्हणून मान्यही केली होती. हवा भरून होईपर्यंत ते मूग गिळून बसले. मग म्हणाले, "नको. द्या इकडे."

घरी आल्यावर त्यांनी तो टायर लेकीसमोर टेबलावर ठेवला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. आकडे दाखवले. बायको भाजी चिरायची थांबली.

"म्हणजे मी ब्रेक दाबला नव्हता?" धाकटीनं विचारलं.

"दाबला असलास तरी, टायर चांगला असता तर पडली नसतीस. चूक माझी होती गं."

तिनं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग किल्ली उचलून खाली गेली. अप्पांचा जीव भांड्यात पडला. धावत ते खिडकीशी गेले. अंगणातून ती स्कूटरवर सरळ, झोकात गेली. फाटकापाशी, रस्त्याला वळायचं तिथे मात्र थांबली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभीच राहिली. मग उतरली आणि स्कूटर ढकलत परत आणली.

अप्पा जिना उतरून आले. "थोडा सराव केलास की होईल. मी येतो ना रोज मागे बसून."

"अप्पा, टायर जुना आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. त्याचा मला राग नाही." ती हळू बोलत होती, जशी म्हाताऱ्या रुग्णांशी बोलायची तशी. "पण माहीत नव्हतं, तर मग इतक्या खात्रीनं कसे ओरडलात?"

अप्पांनी पुढच्या नव्या टायरकडे बघितलं.

"हाड जुळलं हो. पण वळण आलं की मला तुमचा आवाज ऐकू येतो."

तिनं किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ती वर गेली. दुपारी गिऱ्हाईक आलं. पुढचा टायर नवा बघून ते खूश झालं, आणि अप्पांनी किल्ली देऊन टाकली.