सटवाई हसवतेय

रत्नप्रभाबाईंचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण लेक स्मिताच्या पायांवर सूज, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. म्हणून चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत डिंक-अळीव बांधून त्या स्वतःच सांगलीहून चंदीगडला आल्या. जावई श्रीराम केंद्र सरकारच्या नोकरीत, दिवसभर ऑफिसात. शेकशेगडी, न्हाऊमाखू, सगळं एकटीच्या गळ्यात. त्यात धुकं असं, की धुतलेली दुपटी तीन-तीन दिवस वाळत नव्हती.

स्मिताला दूध पुरेना. शेजारच्या पंजाबी बाईंनी म्हशीचं दूध धाडलं, वर बोटभर साय. त्यात पाणी घालायचं बाईंच्या जिवावर आलं. "माझ्या नातीला काय गवळ्यासारखं फसवू?" म्हणत त्यांनी ते तसंच पाजलं. हौसेला मोल नसतं म्हणतात.

सातव्या दिवशी दुपारी झोपेत बाळाचा ओठ एका बाजूला फडफडला, मग मूठही.

"आई, हे काय गं?"

"अगं, सटवाई हसवतेय तिला. तूही अशीच हसायचीस."

सटवाईची पूजा आदल्याच दिवशी झालेली, तेव्हा ती बाळाशी खेळणारच. आणि खरं सांगायचं तर बाईंना घटकाभर पाठ टेकायची होती. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं, तेव्हाही त्या तेच म्हणाल्या.

आठव्या दिवशी सकाळी बाळाचा डावा हात उडायचा थांबेचना. डोळे एका जागी खिळले. ओल्या बाळंतिणीला शेजारणीपाशी ठेवून, बाळाला घेऊन सासू-जावई दोघं रिक्षाने हॉस्पिटलात धावली.

"कब से है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज सुबह से," श्रीराम म्हणाला. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

गप्प बसता आलं असतं. जावयासमोर कोण स्वतःची अब्रू काढून घेतं?

"कल दोपहर से," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मैंने देखा था. मैं बोली, देवी हँसाती है. और दूध दिया भैंस का, पानी नहीं डाला."

श्रीरामने वळून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, त्या नजरेपेक्षा ओरडला असता तर बरं.

रक्तातली साखर ठीक निघाली. कॅल्शियम मात्र पार तळाला गेलेलं. म्हशीच्या दुधातला फॉस्फरस एवढ्याशा जिवाला झेपत नाही, त्याने कॅल्शियम उतरतं आणि झटके येतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. आठवड्यात चारदा तेच सांगून त्याही थकल्या असाव्यात. मग बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून, ठोके ऐकत, त्यांनी डोक्याच्या शिरेतून हळूहळू औषध सोडलं. हात थांबला.

हॉस्पिटलातल्या पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अब सिर्फ़ माँ का दूध, बार-बार पिलाओगे तो बढ़ेगा. और हाथ काँपे तो पकड़ के देखना. रुक जाए तो डर नहीं. न रुके तो उसी वक़्त लाना."

त्या दुपारी झोपेत बाळाच्या ओठाचा कोपरा हलला. स्मिताने आईची समजूत घालावी तसं हळूच म्हटलं, "आई, बघ, सटवाई हसवतेय."

रत्नप्रभाबाईंनी ती इवलीशी मूठ हातात धरली. मूठ स्थिर होती. तरी दिवेलागणीपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.