कोतवालाचे तांदूळ

"चैतरामभाऊ, तुम्ही तरी एक मत टाका हो. निदान भोपळा तरी फुटेल," मतदान केंद्राध्यक्ष बिसेन सर पुन्हा म्हणाले, आणि कोतवाल चैतराम सलामे पुन्हा पाण्याची कळशी घेऊन उठला.

कळशी भरलेलीच होती. पण माणसाला तोंड चुकवायचं असलं की काही तरी हातात लागतंच. सकाळपासून धामनटोल्याच्या शाळेत विधानसभेचं मतदान मांडून ठेवलं होतं. मशीन होतं, शाई होती, दाराशी बंदुका घेतलेले दोन पोलीस होते, म्हाताऱ्यांसाठी चाकाची खुर्चीसुद्धा होती. मतदार तेवढा नव्हता. जंगलपट्टीचं गाव म्हणून इथलं मतदान दुपारी तीनलाच बंद व्हायचं होतं, आणि ऊन डोक्यावर यायला लागलं तरी मशीननं एकदाही आवाज केला नव्हता. तालुक्याच्या साहेबांचा फोन आला की बिसेन सर उभे राहून "शून्य, सर" म्हणायचे आणि त्या शून्याचा दोष आपलाच असल्यासारखे खाली बसायचे.

गावानं बहिष्कार टाकला होता. त्या बहिष्काराची दवंडी चैतरामनंच दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी तहसिलीच्या हुकमावरून "मतदान करा हो" अशी दवंडीही त्यानंच दिली. डफडं तेच, गळाही तोच. गावातली पोरं खिदळली. पण कोतवालाचं कामच असं मेलं! निरोप ज्याचा त्याचा. ह्याला काय वाटतं ते विचारतो कोण?

वाटत तर खूप होतं. गावाच्या आणि चिचगडच्या रस्त्याच्या मध्ये नाला आडवा पडलेला. पावसाळ्यात तो फुगला की गाव तिकडं आणि जग इकडं. दर निवडणुकीला कोणी तरी गाडीतून उतरायचा, नाल्याकडं हात करून "इथं पूल होणार" म्हणायचा, टाळ्या घ्यायचा आणि जायचा. बाकीच्यांसाठी ती गैरसोय होती. चैतरामच्या घरात तो घाव होता. गेल्या पावसाळ्यात त्याची दुर्गा नर्सिंगच्या परीक्षेला गोंदियाला निघाली, आणि नाला चढला. पोरगी प्लास्टिकच्या पिशवीत कागदं घेऊन काठावर बसून राहिली. पाणी उतरलं तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. रडली नाही, ओरडली नाही, म्हणाली, "बाबा, आता पुन्हा फारम भराचा नाही." आता ती गोंदियाच्या एका दुकानात दिवसभर लोकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालते.

म्हणून बहिष्काराची बैठक गावदेवापुढं, ठाकूरदेवापुढं, भरली तेव्हा सगळ्यांच्या आधी चैतराम मुठीत तांदूळ घेऊन गेला होता. ह्या गावात दिलेला शब्द कागदावर लिहीत नाहीत. पळसाच्या पानांची पत्रावळ देवापुढं ठेवतात आणि शब्द देणारं प्रत्येक घर तिच्यावर मूठभर तांदूळ टाकतं. तांदूळ टाकले की शब्द बांधला. एकेक घर पुढं येत होतं. चैतरामची पाळी आली आणि माजी सरपंच टिकाराम, गावातला एकमेव ट्रॅक्टरवाला, ज्यानं हा बहिष्कार उभा केला होता, त्यानं हात आडवा केला.

"चैतराम, तू राहू दे. तू सरकारचा मानूस. तुह्या पोटावर पाय कायले द्याचा?"

बोलणं मायेचंच होतं. लोकांनीही माना डोलावल्या. पण चैतरामला कानफटात बसल्यासारखं झालं. ज्याच्या पोरीची परीक्षा नाल्यापायी बुडाली त्याचेच तांदूळ नकोत! सरकारच्या लेखी तो गावचा गडी, गावाच्या लेखी सरकारचा माणूस. वीस-बावीस वर्षं दोन्हीकडची हमाली करून हे मिळालं. मूठ तशीच आवळून तो घरी आला.

मंगलीनं, त्याच्या बायकोनं, ऐकलं आणि ती पेटलीच. "नाल्यापायी अडकली पोरगी आपली, अन् तांदूळ गावाचे? तुमी काऊन चूप राहिले?"

पण मतदानाच्या दिवशी, शाळेत टेबलं लावायला जाण्याआधी, उजाडता उजाडता तो ठाकूरदेवाकडं गेला. पत्रावळीला हात लावायचा हक्क त्याला नव्हता. तिच्या शेजारी, दगडापाशी एक वेगळं पान ठेवून त्यानं आपले मूठभर तांदूळ त्यावर टाकले. बघायला कोणी नव्हतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

आता हे सगळं बिसेन सरांना काय सांगणार? सर तसे भले माणूस. रात्री चैतरामच्याच घरचा भात खाऊन शाळेत झोपले होते. पण त्यांनाही वरून दट्ट्या होता.

पाण्याला म्हणून बाहेर पडला तर विहिरीवर बायका. त्यातली जमुनाबाई म्हणाली, "टाकलं का मत, कोतवाल?" त्यानं कळशी खाली ठेवली आणि डाव्या हाताचं बोट पुढं केलं. कोरं बोट. जमुनाबाई हसली. आता नाही तर मग टाकाल, म्हणाली, तुमाले कोन बोलनार आहे? बाकीच्याही हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं.

दुपारी साहेब स्वतःच आले. जीप नाल्याच्या वाळूतून घुरघुरत आली, तोंडावर धूळ, आवाजात तीच धूळ. सगळ्या मतदारसंघात हे एकच केंद्र शून्यावर, वरून विचारणा होते, मी काय उत्तर देऊ, असं बिसेन सरांना झाडून झालं आणि मग नजर कोतवालावर आली.

"तुझं मत कुठंय रे?"

"साहेब, मी देवापुढं तांदूळ ठेवून आलो."

"कसले तांदूळ? रेशनचे?"

दारातला एक पोलीस हसला. चैतरामला समजावून सांगायचं होतं. कुठून सुरुवात करणार? नाल्यापासून, की दुर्गापासून, की पत्रावळीपासून? साहेब म्हणाले, मी जबरदस्ती करत नाही, कायद्यानं करताही येत नाही, पण सरकारचं खाणाऱ्यानं विचार करावा. म्हणजे काय ते न कळायला चैतराम काही दूधखुळा नव्हता. त्यानं साहेबांपुढं पाण्याचा पेला ठेवला आणि मत मात्र टाकलं नाही. आज गाव आणि तो एका बाजूला होते. गावाला ते ठाऊक नसलं तरी होते.

आणि तेवढ्यात टिकारामची मोटारसायकल शाळेच्या फाटकाशी थांबली.

टिकाराम घाईत होता, खुशीत होता. चैतरामला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की एका उमेदवाराच्या खास माणसाचा फोन आला होता. पूल झालाच म्हणून समज. शब्द दिला त्यांनी. तवा आता बहिष्कार मागं, आणि वेळ कमी आहे, पटकन दवंडी दे, समद्याइले मत टाकाले पाठव.

चैतरामला वाटलं आपल्या ऐकण्यात गफलत झाली. "लेखी देल्लं का काई?"

"फोनवर कोनी लेखी देते का बे?"

"अन् तांदूळ?"

"देवाले कोंबडा देऊन टाकू. तू काऊन घोर करतं? तुह्ये तर नव्हतेच त्यात."

दर निवडणुकीला गाडीतून उतरून हात करणारा तरी समोर दिसायचा; ह्या वेळी तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत. एका फोनवर अख्खं गाव! आणि दवंडी कोणी द्यायची? तर चैतरामनं. तुमीच सांगा ना घरोघरी, असं तो म्हणाला. टिकारामनं मान हलवली. कोतवालाच्या डफड्याबिगर लोक निंगत नाही, हे तुलेबी ठाऊक आहे. मागून साहेबही आले, त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. जा, जा, वेळ घालवू नको.

पहिल्यांदाच सरकार आणि गाव यांचा निरोप एक झाला होता. चैतरामनं डफडं गळ्यात अडकवलं. नाही म्हणायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण उद्या कोणी म्हणालं असतं, पूल येत होता, कोतवालानं घालवला. तो निघाला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यानं हाक घातली, आणि कधी नव्हे ते निरोप कोणाचा तेही नीट सांगितलं. "ऐका हो ऐका! टिकारामभाऊचा निरोप आहे. बहिष्कार मागं घेतला. मत टाकाले चला. निरोप टिकारामभाऊचा आहे हो!" शेवटच्या घरापर्यंत त्याचा गळा बसला.

लोक आले. धानाच्या बांधावरून विळे कमरेला खोचून आले, बाया पोरं कडेवर घेऊन आल्या. कोणी विचारलं नाही की देवापुढं दिलेला शब्द कुठं गेला. काही जणांना वाईट वाटत असावं, ते खाली बघत रांगेत उभे होते. बाकीच्यांना पूल दिसायलाही लागला होता. मशीन एकसारखं वाजत राहिलं आणि बिसेन सरांच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

मंगलीही कापणी सोडून आली होती. फाटकापाशी थांबून ती नवऱ्याला म्हणाली, "मी जाऊ का?" तुही मर्जी, तो म्हणाला. तिनं एकदा रांगेकडं पाहिलं. "पोरीनं फोन केला त का सांगू तिले?" एवढं बोलली आणि विळा घेऊन परत बांधाकडं गेली.

तीन वाजले. रांगेत उरलेल्यांना बिसेन सरांनी मागून पुढं चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी हातात असेल त्याला मत टाकता येणार होतं. एक चिठ्ठी धरून त्यांनी चैतरामला हाक मारली. या, तुम्ही शेवटचे. आता तर सगळं गाव टाकतंय.

"माह्यं राहू द्या, सर," चैतराम म्हणाला.

सरांना वाटलं तो थकलाय. चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली.

सगळं मोहोरबंद होऊन गाड्या निघाल्या, त्या नाल्यात रुतल्या. मशीनची गाडी चाकं फिरवी आणि वाळूत आणखी खाली जाई. लोकांनी खांदे लावले, चैतरामनंही लावला. गाडी काठावर चढल्यावर साहेब रुमालानं तोंड पुसत म्हणाले, इथं खरंच पूल पाहिजे राव. लोक खूश होऊन हसले. चैतराम पायाची वाळू झटकत राहिला.

संध्याकाळी टिकारामच्या अंगणात कोंबडा कापला गेला. सगळ्यांची बोटं काळी, सगळे बोलके. टिकारामनं चैतरामला हाक मारली. देवापुढचे तांदूळ घेऊन ये, म्हणाला, कोंबड्यासंगं शिजवून टाकू, घराघराचा शब्द मोकळा होऊन जाते. हेही काम कोतवालाचंच.

चैतराम ठाकूरदेवाकडं गेला. पत्रावळ सकाळी होती तशीच होती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा पसरला आणि सगळ्या गावाचे तांदूळ त्यात ओतले, पानाला चिकटलेले दाणेही बोटानं सोडवून घेतले, कोणाचा कमी पडला असं व्हायला नको. मग दुपट्ट्याला गाठ मारली आणि ते ओझं टिकारामच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. जेवून जा, अंगणातले लोक म्हणाले. घरी भात शिजला आहे, असं सांगून तो निघाला.

दगडापाशी वेगळ्या पानावर मूठभर तांदूळ होते. ते त्यानं उचलले नव्हते.